कौसल्याबाईंची 'क्रम लाव' आज्ञा

एका तालुक्याच्या गावी कौसल्या नावाची एक भलतीच हुशार बाई राहायची. संगणकाला कामं सांगायला तिनं चक्क मराठीत नवी भाषा घडवली होती. त्यातली 'क्रम लाव' ही आज्ञा तिची फार लाडकी. पण ती वापरायची म्हणजे डोक्याला ताप! कुठल्याही दोघांची तुलना करताना पहिला लहान असेल तर उणे एक, मोठा असेल तर अधिक एक, सारखे असतील तर शून्य, असं सगळं आपणच लिहून द्यायचं. कुणी चुकलं की कौसल्या म्हणायची, "नीट शिका की आधी!"

जत्रेत कुस्त्यांचं मैदान भरलं. हलक्यापासून भारीपर्यंत नावं पुकारायची होती. शाळेत तिची भाषा शिकवणाऱ्या गुंडाप्पा मास्तरांनी ते काम त्याच भाषेवर सोपवलं. पहिल्या कुस्त्या रेवड्यांच्या, म्हणजे चिल्ल्यापिल्ल्यांच्या. आणि भोंग्यावर पहिलं नाव आलं ते तालमीतल्या सगळ्यात दांडग्या पैलवानाचं! मैदानात हशा पिकला. मास्तरांचं तोंड एवढंसं झालं.

"उणे-अधिकची अदलाबदल केलीत तुम्ही," कौसल्या फणकारली. "सरका, मीच लिहिते."

तिनं लिहिलं. पुन्हा तोच पैलवान!

पंच कडाडले, "बाई, पुढच्या जत्रेलाही हेच होणार असेल, तर तुमची भाषा मैदानात नको, अन् शाळेतही नको."

कौसल्येला रडूच कोसळलं. संगणकावर खापर फोडून मोकळं होणं सोपं होतं. पण बाई खमकी. "मी घडवलं अन् मीच चुकले. मग खोट आज्ञेतच आहे," ती म्हणाली, आणि लाडकी आज्ञा तिनं मुळापासून उपटून टाकली.

नव्या आज्ञेचा एकच सवाल होता: कशावरून? आपण सांगायचं, 'वजनावरून'. भारी आधी हवे असतील तर पुढं 'उलट' म्हणायचं. वजन सारखं निघालं, तर ज्यानं नाव आधी दिलं तो आधी. बास!

पुढच्या जत्रेला मास्तरांनी एका ओळीत काम उरकलं. पहिलं नाव पुकारलं, तसं एक चिमुरडं पोर शड्डू ठोकत आखाड्यात उतरलं. नावामागून नाव आलं, एकही चुकेना. सारख्या वजनाच्या पोरांत दरसाल जुंपणारा 'माझं नाव आधी'चा तंटाही झाला नाही. मैदान टाळ्यांनी दणाणून गेलं.

पंचांनी भर मैदानात कौसल्येला फेटा बांधला. "गेल्या साली फार बोललो, बाई," ते म्हणाले.

"बरं केलंत!" कौसल्या हसली. "नाहीतर अजून मास्तरांनाच शिकवत बसले असते."

तात्पर्य: वापरणारे पुन्हा पुन्हा चुकत असतील, तर त्यांना बोल लावू नये, वस्तूच सुधारावी.