मिटल्या पंखांचा पाहुणा

एका जंगलात, लव्हाळ्यांनी वेढलेल्या तळ्याकाठी टाचण्यांचा थवा राहत असे. मुलांनो, टाचणी म्हणजे चतुराची नाजूक चुलत बहीण. पण नाते असले तरी चतुर टाचण्यांना धरून खातो. त्याच्या पंखांची घरघर ऐकू आली, की साऱ्या टाचण्या पात्यांमागे अंग चोरून बसत.

या भीतीला कंटाळून थोरल्या टाचणीने एक नियम केला. "बसताना जो पंख मिटतो, तो आपला. जो पसरतो, तो चतुर. त्याला इथे थारा नाही."

थव्यात एक हिरवी टाचणी होती. तिच्या जातीच्या टाचण्या पंख अर्धवट उघडे ठेवूनच बसतात. साऱ्याजणी तिच्यापासून सरकून बसू लागल्या. "मावशी, मी इथेच जन्मले हो," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "मग पंख मीट!" थोरली म्हणाली. हिरवीने पुष्कळ प्रयत्न केला, पण पंख मिटेनात. अखेर ती एकटीच पलीकडच्या काठावर निघून गेली.

पुढे एका सकाळी पाण्यातून एक किडा पात्यावर चढला. त्याची कात फाटली आणि आतून ओले, पाठीवर मिटलेले पंख बाहेर आले. "पंख मिटलेत! आपलाच आहे," म्हणत साऱ्या त्याच्याभोवती जमल्या. हिरवीने ते दुरून पाहिले आणि जिवाची पर्वा न करता ती उघड्या तळ्यावरून उडत आली. "मावशी, दूर व्हा! आपले डोळे दोन बाजूंना असतात. याचे बघा, एकमेकांना चिकटलेत! अंगही केवढे जाड आहे!"

"तू पुन्हा आलीस?" थोरली तिच्यावर खेकसली.

तेवढ्यात ऊन चढले. पाहुण्याचे पंख शहारले, उघडले, आणि आडवे पसरले ते तसेच राहिले. तो चतुरच होता; नव्या चतुराचे पंख वाळेपर्यंतच मिटलेले असतात. कोणालाच हलता येईना. त्याच्या शेजारच्या इवल्या टाचणीला काही कळले नव्हते. तिने विचारले, "तुला भूक लागली का रे?"

"हो," तो पहिल्यांदाच बोलला, आणि त्याने तिला उचलले.

हिरवीच्या मागोमाग बाकीच्या साऱ्याजणी दाट लव्हाळ्यात शिरल्या, म्हणून वाचल्या. थोरली तिला म्हणाली, "बाई, आता इथेच बस." पात्यावरची त्या इवल्या टाचणीची जागा मात्र रिकामीच राहिली.

तात्पर्य : एकाच खुणेवरून आपला-परका ठरवू नये. भीतीपोटी केलेली पारख आपल्यांना दूर लोटते आणि वैऱ्याला जवळ बसवते.