उभ्या बायांची पुळण

कालवशेतला खाडी जिथं समुद्राला मिळते तिथं पुळणीवर वाळूचा एक लांबट उंचवटा आहे. किल्ला बघून, डॉल्फिनची फेरी मारून पाहुणे या बाजूला येतात तेव्हा सुकती, म्हणजे ओहोटी, असली, तर समोर पाण्यातले काळे खडक, इथले खडप, उघडे पडलेले दिसतात. त्यांवर वाकून बाया कालवं फोडत असतात. आणि इकडे उंचवट्यावर भर उन्हात दुसऱ्या बाया उभ्या असतात, प्रत्येकीच्या कडेवर एक मूल. मागे सुरूच्या झाडांची गार सावली आहे, पर्यटनवाल्यांनी तिथं सिमेंटची बाकडीही घातली आहेत. पण त्या बायांतली एकही बसत नाही. पाय अवघडला की दुसऱ्या पायावर भार देते, मूल या कडेवरून त्या कडेवर घेते, एवढंच.

पाहुण्यांतलं कोणीतरी विचारतंच, की यांना बसायला काय झालं?

"सांगून बघा तुम्ही. माझ्या आईनंही कधी ऐकलं नाही," असं म्हणून म्हातारे तारीमामा होडीच्या काठावर टेकतात. मामांनी सारा जन्म या खाडीत होडी चालवली. पाहुण्यांना बाकड्यावर बसवतात आणि मग ही गोष्ट सांगतात.

इथली गलबतं मीठ-नारळ घेऊन पार मलबारपर्यंत जायची, त्या काळची ही गोष्ट आहे म्हणे. गावात एका घरात दोघी जावा राहत. थोरली काशी, धाकटी द्वारकी. दोघींचे नवरे एकाच गलबतावर, पावसाळा संपला की जायचे ते उन्हाळ्याच्या तोंडाला यायचे. तोवर घर चालायचं ते कालवांवर. काशीला मूलबाळ नव्हतं. द्वारकीला एक मुलगी होती, गुणी नावाची, नुकती धरून उभी राहायला लागलेली. गुणी आईच्या कडेवर कमी आणि काकीच्या कडेवर जास्त असायची.

त्या वर्षी द्वारकीचा भाऊ बहिणीला भेटायला आला. वाढायला काशी होती. तिनं त्याच्या ताटात कालवांचं सांबारं वाढलं, पण त्यात कालवं नव्हती, नुसता रस होता. काशीचं म्हणणं, मडक्यात उरलंच तेवढं होतं. द्वारकीला वाटलं, माझ्या माहेरच्या माणसाला मुद्दाम गाळीव रस वाढला. भाऊ जेवून, ढेकर देऊन निघून गेला. त्याच्या काही मनातही आलं नसेल. पण दोघी जावांनी अबोला धरला.

एका चुलीवर अबोला धरायचा म्हणजे अवघड काम. तेव्हा दोघी बोलायच्या त्या गुणीशी. काशी पोरीला मांडीवर घेऊन म्हणायची, "सांग गो बाय तुझ्या आवशीक, चुलीत लाकूड नाय." द्वारकी भाकरी थापता थापता म्हणायची, "सांग तुझ्या काकीक, लाकूड पडवीत आसा, डोळे उघडून बघ म्हणावा." गुणी दोघींकडे बघून हसायची. बोलता तिला येत नव्हतंच. शेजारणींना मोठी मौज वाटायची, त्या मुद्दाम चुलीपाशी येऊन बसायच्या. उत्तर द्यायचं नसलं की समोरची गप्प राहायची, आणि गप्प राहिली म्हणजे कबूल, असं दोघींनी धरून घेतलं होतं. द्वारकीला कधी कधी वाटायचं, आज आपणच बोलावं. पण मग भावाचं ताट डोळ्यांपुढं यायचं आणि जीभ मागं फिरायची.

कालवं काढायची रीत अशी होती. मधल्या मोठ्या खडपाचा माथा सपाट आहे. तिथं वेताच्या हाऱ्यात गुणीला ठेवायचं, एकीनं तिच्याजवळ बसून आणलेली कालवं फोडायची आणि दुसरीनं खाली उतरून काढायची. दुसऱ्या दिवशी पाळी बदलायची. पाणी वाढू लागलं की वर बसलेलीनं पोरीला कडेवर घेऊन पुळणीवर यायचं. नेहमीच्या भरतीला त्या माथ्यावर पाणी यायला बराच वेळ लागे.

अमावास्या आली. अमावास्येला सुकती फार लांबवर जाते आणि एरवी पाण्याखाली असणारे टोकाचे खडप उघडे पडतात. तिथलं कालव हाताएवढं मोठं असतं. पण भरतीही मग तशीच उसळून, घाईनं येते. सकाळी चुलीपाशी काशी पोरीचे केस विंचरता विंचरता म्हणाली, "सांग गो तुझ्या आवशीक, आज मी टोकाच्या खडपार जातंय. आज वर तिना बसूक व्हया."

द्वारकीनं ऐकलं. तिच्या मनात आलं, टोकाचे खडप आज उघडणार म्हणून ही माझी पाळी घेते होय? ती काही बोलली नाही. काशीनं ओळखलं, कबूल आहे.

माथ्यावर पोचल्यावर द्वारकीनं हारा ठेवला, गुणीच्या अंगाखाली लुगड्याची घडी सारली आणि मोठ्यानं म्हणाली, "काकीकडे रव हां बाय. आज आवस लांब जातली." काशी पाठमोरी उभी राहून कासोटा आवळत होती. तिनंही ऐकलं. तिच्या मनात आलं, मी सकाळीच सांगितलंय, आता ही कितीही बोलली तरी बसणार तीच. ती गप्प राहिली. द्वारकीनं ओळखलं, कबूल आहे.

एक उत्तरेच्या बाजूनं उतरली, एक दक्षिणेच्या. मागे वळून कोणी बघितलं नाही, कारण मागे बघितलं तर दुसरीला वाटलं असतं, ही माझ्याकडेच बघते आहे.

त्या दिवशी द्वारकीला कालवं फार चांगली मिळाली म्हणे. ती मनात म्हणत होती, यातली मूठभर बाजूला ठेवीन, पुढच्या खेपेला भाऊ आला की वाढीन. पाणी घोट्याला लागलं तेव्हा ती पाटी डोक्यावर घेऊन पुळणीकडे निघाली. पलीकडून काशी येत होती, तिच्याही डोक्यावर पाटी आणि दोन्ही हात पाटीला. द्वारकीनं तिच्या कडेकडे बघितलं. काशीनं हिच्या कडेकडे बघितलं. आणि त्या क्षणीसुद्धा, आधी कोणी बोलायचं, हा विचार दोघींच्या मनात येऊन गेला, असं सांगतात.

इथं तारीमामा समोरच्या मधल्या खडपाकडे बोट दाखवतात.

"चेडू खंय?" पोर कुठं आहे, हे शेवटी कोण बोललं, ते कोणालाच ठाऊक नाही. दोघींच्या पाट्या वाळूत पडल्या. त्या धावल्या तेव्हा खडपाचा माथा दिसत होता, पोचेपर्यंत दिसेनासा झाला. होड्या घातल्या, सारा गाव पाण्यात उतरला. हारा खाडीच्या आत लव्हाळ्यात अडकलेला सापडला. त्यात लुगड्याची घडी तशीच होती. गुणी सापडली नाही.

मग त्या घरात अबोला उरला तो निराळा. आता बोलायला मधे कोणी नव्हतं. मीठ संपलं तर अळणी जेवायच्या. गलबत परत आलं तेव्हा नवऱ्यांना काय झालं ते शेजाऱ्यांनी सांगितलं. द्वारकी खडपाचं नाव काढीना आणि काशी एकटीच जाऊन दोघींपुरतं आणी.

पुढं द्वारकीला मुलगा झाला. तिनं त्याला खाली म्हणून ठेवला नाही. रात्री हात त्याच्या छातीवर ठेवून झोपायची, श्वास जरा हलका वाटला की उठवून रडवायची. काशी त्या खोलीच्या दाराशी यायची आणि तिथूनच मागं फिरायची. पुढच्या हंगामात काशीचा गुडघा धरला, खडपावर उतरणं बंद झालं. नवरे समुद्रावर आणि घरात दाणा नाही. द्वारकी मुलाला पाठीशी बांधून खडपावर गेली, शेवाळावरून घसरली. पोराचं डोकं खडपावर आपटायचं थोडक्यात चुकलं.

ती तशीच पुळणीवर परत आली. काशी लंगडत तिच्या मागून येऊन तिथं बसली होती. द्वारकी तिच्यापुढं उभी राहिली. पाठीवरची गाठ सोडून म्हणाली, "जावबाय, माझा पोर मी तुमच्याकडे दिलंय."

काशी उठून उभी राहिली, तिनं पोराला घेतलं. "माझ्याकडे घेतलंय," ती म्हणाली. "हयच उभी रवतंय. बसूचंय नाय."

द्वारकी खडपावर गेली. दर कालवामागं मान वर करून बघायची, आणि काशी जिथल्या तिथं दिसायची. त्या नादात हात चालेना, उशीर झाला आणि भरती लागली. पाणी पुळणीवर चढलं. काशी मागे सरकली असती तर कोणी तिला बोल लावला नसता. पण तिनं 'हयच', म्हणजे इथंच, असं म्हटलं होतं. द्वारकीची नजर वर येईल तेव्हा जागा रिकामी दिसायला नको, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तिनं पोराला खांद्यावर चढवलं आणि दुखऱ्या गुडघ्यावर उभी राहिली. आणि म्हणे पाणी तिच्या दोन्ही अंगांनी पुढं गेलं, पायाखालची वाळू मात्र वर येत राहिली, वर येत राहिली. कमरेएवढ्या पाण्यातून द्वारकी आली तेव्हा काशी कोरड्या वाळूवर उभी होती. द्वारकीनं आधी पोराच्या पायांची बोटं चाचपली. सुकी होती. मग दोघी पहिल्यांदा एका जागी बसून रडल्या, गुणीसाठी.

शाळेतले भूगोलाचे सर सांगतात, खाडीच्या ओढीनं तिथं वाळू साचते. तारीमामा म्हणतात, साचत असेल, सर शिकलेले आहेत. पण मोठ्यात मोठ्या उधाणालाही त्या उंचवट्यावर पाणी चढलेलं कोणी बघितलेलं नाही. मधल्या खडपाच्या माथ्यावर मात्र ते दर भरतीला चढतं. तिथलं कालव कोणी फोडत नाही.

आजही कालवशेतात जावाजावांची भांडणं होतात, शेजारणी महिनोन्महिने एकमेकींचं तोंड बघत नाहीत. पण सुकतीला निघताना समोरासमोर उभं राहून, डोळ्यांत बघून द्वारकीचं ते एक वाक्य बोलावंच लागतं आणि उत्तर कानावर आल्याशिवाय मुलाचा हात सोडायचा नसतो. उत्तर आलं की मग खुशाल पुन्हा तोंडं फिरवतात. परत घेताना कोणी काही बोलत नाही. आई मुलाचे पाय हातात धरते, बोटं सुकी आहेत का ते बघते, आणि मग ती दुसरी खाली बसते.