बेलाच्या पानावरची गोळी

"मग आज गोळी द्यायची का नाही, अप्पा?"

अप्पा मठाचे स्वामी, सांबप्पाचे गुरू. शहरातल्या दवाखान्यात यंत्रावर रक्त धुऊन घेऊन ते कालच मठात परतले होते. भिंतीला टेकून बसले होते, आणि ओठ हलवण्याइतकंही बळ त्यांच्यात उरलेलं दिसत नव्हतं.

सांबप्पा पूजेचं ताट घेऊन तसाच उभा राहिला. तोही थकला होता. सेवा करून माणूस इतका थकत नाही. आपल्या हातून काय झालं, हेच डोक्यात घोळवून घोळवून तो पार गळून गेला होता.

अप्पांच्या हृदयात कृत्रिम झडप बसवली, तेव्हापासून त्यांना रक्त पातळ ठेवायची गोळी होती. झडपेवर गुठळी धरू नये म्हणून. ती देण्याचं काम सांबप्पानं मागून घेतलं होतं. संध्याकाळची पूजा झाली की ताटात बेलाचं पान, पानावर गोळी. ती आधी स्वतःच्या कपाळाला लावायची, मग अप्पांच्या हातावर ठेवायची. एक दिवस चुकला नाही. मठात येईल त्याला तो हे सांगायचा, न विचारणाऱ्याला तर जरा जास्तच.

एक गोष्ट मात्र त्यानं होऊ दिली नाही. ही गोळी चालू आहे तोवर रक्त तपासत राहायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आरोग्य केंद्रातल्या शकुंतला सिस्टर सुई घेऊन आल्या की सांबप्पा त्यांना दारातूनच वाटेला लावायचा. अप्पांच्या अंगातून रक्त काढायचं, तेही मठात? त्याला ते ऐकवत नसे. पाच-सहा हेलपाटे झाल्यावर बाईंनी येणं सोडलं.

उन्हाळ्यात अप्पांची लघवी लाल होऊ लागली. भांडं सांबप्पाच उचलायचा. त्यानं पाहिलं, उन्हाळी लागली म्हणाला आणि धण्याचं पाणी देत राहिला. गोळीही देत राहिला, कपाळाला लावून.

मग अंगावर सूज चढली, लघवी जवळजवळ बंद झाली. शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, रक्त प्रमाणाबाहेर पातळ झालं, किडनीच्या बारीक चाळण्यांतून झिरपलं, आत साकळलं आणि वाटा बुजल्या. या गोळीनं असं क्वचितच होतं, म्हणाले. वेळच्या वेळी रक्त तपासलं असतं तर आधी कळलं असतं, हेही म्हणाले. किडन्या पुन्हा कामाला लागतील की नाही, ते कोणालाच सांगता येत नव्हतं. थांबवलेली गोळी आजपासून पुन्हा सुरू करायची होती, कमी करून, आणि दर आठवड्याला रक्त तपासत.

शकुंतला सिस्टर बाहेर ओसरीवर बसल्या होत्या. या वेळी त्यांना कोणी हाकललं नव्हतं.

"दिली तर किडनी जायची," सांबप्पा म्हणाला. "नाही दिली तर गुठळी. माझ्या हातानं आता होत नाही, अप्पा. दुसऱ्या कुणाला तरी सांगा."

"कुणाला?"

सांबप्पाला नाव सुचेना. इतकी वर्षं त्यानं दुसऱ्या कोणाला त्या ताटाजवळ फिरकू दिलं नव्हतं.

"तुम्ही तरी सांगायचं होतं," तो एकदम बोलून गेला, आणि मग त्याचं त्यालाच भय वाटलं. "लघवी लाल होती. तुम्हालाही दिसत होती की."

अप्पांनी पानावरच्या गोळीकडे पाहिलं.

"तू कपाळाला लावून द्यायचास..." ते म्हणाले. "मला बरं वाटायचं."

सांबप्पा ताट घेऊन त्यांच्यापुढं खाली बसला. त्याला रडू येत होतं, पण रडायलाही त्राण लागतं, आणि ते कुठून आणायचं हे त्याला कळत नव्हतं.

अप्पांनीच हात लांबवला. पानावरची गोळी उचलली, तोंडात टाकली आणि घोटभर पाणी घेतलं. पाणीही आता त्यांना मोजकंच होतं. बेलाचं पान त्यांनी ताटात तसंच राहू दिलं. मग सिस्टरांना आत बोलवायला सांगितलं.

शालीखालून अप्पांचा हात बाहेर आला. कोपरापासून मनगटापर्यंत काळानिळा पडला होता. सिस्टर शीर शोधू लागल्या, पण हात कापत होता. कोणीतरी धरायला हवा, असं त्या हळूच म्हणाल्या.

सांबप्पानं पुढं होऊन हात धरला. सुई जवळ आली, तशी त्यानं मान फिरवली, डोळे घट्ट मिटले आणि पुटपुटत नामस्मरण सुरू केलं.

अप्पांनी सिस्टरांना थांबायची खूण केली.

"सांबप्पा."

"जी."

"डोळे उघड."

"बघवत नाही, अप्पा."

"ठाऊक आहे..." अप्पा म्हणाले. "मिटल्या डोळ्यांनी फार केलंस. आता बघून कर."