पाचही वाचल्या

“...आणि दुसरीतल्या मुलाच्या हातात पहिलं पुस्तक कुठलं द्यावं, बुवा?”

डॉक्टर शैलजा धारूरकरांनी प्रश्न विचारला खरा, पण उत्तर त्यांच्या पर्समध्ये होतं. टाइप केलेलं, चार पानी, वर समितीचं नाव. उत्तर माहीत नसताना प्रश्न विचारायची सवय बाईंना बऱ्याच वर्षांत राहिली नव्हती.

सहजपुरी बुवा चुलीवरची खळ ढवळत होते. मैद्याची खळ, हात थांबला की गाठी होतात. ते ढवळत राहिले.

“कोणत्या मुलाच्या?”

“दुसरीतल्या.”

“ते कळलं. नाव काय त्याचं?”

“नाव...? नाव असं नाही. सर्वसाधारण मूल. सात वर्षांचं.”

“तसलं मूल आमच्याकडं अजून आलं नाही,” बुवा म्हणाले. “आलं की बघू.”

बाई हसल्या. साधुपुरुष काही बोलले की आधी हसून घ्यावं, हे त्यांना ठाऊक होतं.

बुवांचा मठ शिरसवाडीच्या बाहेर, गोदावरीच्या काठाला. बुवांच्या गुरूंनी त्यांना जुन्या पोथ्या शिवायला शिकवलं होतं. पुढे पोथ्यांना कुणी विचारीना, तेव्हा बुवांनी शाळेतल्या पोरांची फाटकी गोष्टीची पुस्तकं शिवायला घेतली. होता होता ओवरीत मांडण्याच उभ्या राहिल्या. आता शाळा सुटली की पोरं मठात धावत येतात ती देवासमोरून तशीच पुस्तकांकडे जातात. देवानं आजवर तक्रार केलेली नाही.

बाईंचं तसं नव्हतं. त्या बालसाहित्यातल्या जाणकार. त्यांच्या नावावर बावीस पुस्तकं, शिवाय प्रस्तावना वेगळ्या. तालुक्यातल्या सगळ्या शाळांना पहिली ते चौथीसाठी पुस्तकं सुचवायची यादी त्यांनी एकहाती केली होती. यादीत पहिलं नाव ‘शिस्तीची मुंगी’. लेखिका, डॉ. शैलजा धारूरकर. आपला तो बाब्या, दुसरं काय!

समितीत त्यावरून कुजबुज झाली होती. अध्यक्ष जुन्या वळणाचे. ते म्हणाले होते, “वाद नको. मठातल्या बुवांकडं मुलं येतात. त्यांचा दोन ओळींचा अभिप्राय आणा. ते चांगलं म्हणाले तर तुमचं पुस्तक पहिलं. नाहीतर काढून टाकू.”

एका गोसाव्याच्या दोन ओळी! बाईंना ते फार लागलं होतं. पण पुस्तक काढून टाकलं असतं तर चारचौघांत नाक कापल्यासारखं झालं असतं. म्हणून त्या आल्या होत्या.

“‘शिस्तीची मुंगी’च्या पाच प्रती मी दोन वर्षांपूर्वी मठाला पाठवल्या होत्या,” त्या सहज आठवल्यासारखं म्हणाल्या. “पोचल्या का?”

“पोचल्या.”

“मग... वाचली का मुंगी?”

“वाचली.” बुवांनी भांडं खाली उतरवलं. “पाचही वाचल्या.”

बाईंच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. पाचही! आणि समितीतले लोक कुजबुजत होते.

“हे जरा लिहून द्याल का, बुवा? एवढंच. दोन ओळी.”

बुवांनी हात पंच्याला पुसला. बाईंनी पुढे केलेल्या कोऱ्या कागदावर त्यांनी सावकाश, गोल अक्षरात लिहिलं : ‘शिस्तीची मुंगी या पुस्तकाच्या पाचही प्रती वाचल्या.’ खाली सही केली. बाईंनी कागद फुंकर घालून वाळवला, घडी केली आणि पर्समध्ये ठेवून चाप लावला.

काम झालं होतं. तेव्हाच उठल्या असत्या तर बरं झालं असतं. पण माणसाला आपलं कौतुक डोळ्यांनी बघायचं असतं.

“कुठं ठेवल्यात हो प्रती?”

बुवांनी मांडणीकडे बोट केलं.

मांडणीला दोन चिठ्ठ्या डकवल्या होत्या. खालच्या फळीवर ‘शिवायची’. तिथे फाटक्या पुस्तकांचा ढीग होता. कुणाला पुठ्ठा नाही, कुणाच्या पानांचे कान दुमडलेले, एकावर भाकरीचा तेलकट डाग. वरच्या फळीवर चिठ्ठी होती ‘वाचलेली’. मुंगी तिथेच होती. बाई प्रसन्न झाल्या.

त्यांनी पहिली प्रत उघडली. पुठ्ठा कडकन वाजला. पानांच्या कडा एकमेकींना चिकटलेल्या होत्या. दुसरी प्रत तशीच. तिसरीत ‘सस्नेह भेट’ लिहिलेलं त्यांचं कार्ड जिथल्या तिथे. चौथी आणि पाचवी तर प्लास्टिकच्या वेष्टनातच होत्या.

“बुवा... ही कुणी उघडलेलीच दिसत नाहीत.”

“नाहीत उघडली.”

“पण तुम्ही तर म्हणालात, वाचली!”

“वाचलीच की.” बुवांना त्यांच्या प्रश्नाचंच नवल वाटलं. “गेल्या साली मठात पाणी शिरलं, त्यातनं वाचली. उंदरांच्या तडाख्यातनं वाचली. आणि पोरांच्या हातातनं तर पुरती वाचली. पोराचा हात ज्याला लागत नाही, ते आमच्याकडं वाचलेलं. बाकी सगळी शिवायची.”

...

बाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आयुष्यभर मराठी शिकवलं, आणि एका क्रियापदानं असं तोंडघशी पाडलं! पुस्तक तसंच उघडं धरून त्या उभ्या राहिल्या. कुठं ठेवावं ते सुचेना.

पण खरी लाज पुढेच होती. कारण त्याच क्षणी बाईंच्या मनात आलं, की अध्यक्षांना हे कुठं माहीत आहे? ते वाचून काढल्या असाच अर्थ घेतील. कागदावर एक अक्षर खोटं नाही. सही आहे.

त्यांनी पर्स काखेत घट्ट धरली.

बुवांनी एकदा पर्सकडे पाहिलं. मग दाभणात दोरा ओवायला घेतला.

ती नजर बाईंना सोसेना. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी बुवांच्या मांडीशी असलेलं फाटकं पुस्तक उचललं. ‘शेळी चढली एसटीत’. पातळ कागद, भडक रंग, पानं इतकी मऊ पडलेली की जुनं लुगडं हातात घेतल्यासारखं वाटावं.

“हे मी यादीतून काढलं,” त्या वर्गातल्या आवाजात म्हणाल्या.

“का?”

“बोध नाही. सगळ्यांची तिकिटं खाऊन शेवटच्या पानावर शेळी नुसती हसते. हा काय शेवट झाला?”

“शेवट बघितलात. बरं केलंत,” बुवा म्हणाले. “आणि आधीची पानं?”

...

आधीची पानं त्यांनी पाहिली नव्हती. शेळीची नव्हे, यादीतल्या कित्येक पुस्तकांची नव्हती. शेवटचं पान उघडायचं, बोध असला की बरोबरची खूण, नसला की फुली. समितीत सगळे त्यांच्या वाचनाच्या वेगाचं कौतुक करत.

“पण याला तर शेवटचं पानच नाहीये,” त्या घाईघाईनं म्हणाल्या. “अर्धवट पुस्तक देता मुलांना?”

बुवा उत्तर देणार, तोच दारातून आवाज आला.

“बुवा, शेळी शिवली का?”

तिसरीतली राजनंदिनी. दप्तर पाठीवर, एक वेणी सुटलेली. मठात तिला सगळे राजी म्हणत.

बुवांनी शेळी बाईंच्या हातातून घेतली, दोन टाके घातले, दोरा तोडला. “शिवली. पण पाठीला कागद लावायचा राहिलाय. उद्या ने.” मग बाईंकडे मान करून म्हणाले, “राजे, ह्या बाई विचारतात, शेवटचं पान नसताना पुस्तक कसं वाचता तुम्ही?”

राजीनं बाईंकडे नीट बघून घेतलं. एवढ्या मोठ्या बाईंना एवढं साधं कसं कळत नाही, असं तिला वाटलं असावं.

“शेवट येतो की आम्हाला.”

“कोणता शेवट?” बाईंनी विचारलं.

“कोणता सांगू? माझा का शम्याचा?”

“...तुझा सांग.”

राजी दप्तरासकट खाली बसली.

“शेळी समद्यांची तिकिटं खाते ना, मग कंडक्टर लई चिडतो. म्हणतो, तिकिटं काढ. तर ती म्हणते, धार काढ. मग तो तिथंच धार काढतो, टोपीत. अन् दूध समद्यांना देतो. अन् ज्यानं ज्यानं दूध पिलं ना, त्याच्या त्याच्या पोटात घंटी वाजायला लागती. टिंग टिंग! अन् डायवरला वाटतं, डबल घंटी झाली. तो थांबतच नाही. मग एसटी नदीत जाते. समदे आंघोळ करतेत. शेळी करत नाही, तिला पाणी आवडत नाही. ती टपावर बसून हसते.”

बाईंना हसू आलं. कितीतरी दिवसांनी, कसलाही विचार न करता आलेलं हसू होतं ते.

“आता तुमचा सांगा,” राजी म्हणाली.

“माझा?”

“हां. तुमचा शेवट.”

ओवरीत कुठेतरी कबुतर घुमत होतं.

“शेळीला... शेळीला कळतं,” बाई म्हणाल्या, “की दुसऱ्याची वस्तू खाऊ नये.”

“मग?”

“मग ती सगळ्यांची माफी मागते. खाली उतरते. रांगेत उभी राहते.”

“मग?”

बाईंनी तोंड उघडलं... बावीस पुस्तकं, आणि प्रस्तावना वेगळ्या. मनात हात घालून त्या शोधत राहिल्या. रांगेत उभी राहिलेली शेळी तिथेच उभी होती. ती हलेना. तिला शिंगं नव्हती, शेपूट नव्हती, तोंडात गवताची काडीसुद्धा नव्हती.

“मग... झालं,” बाई म्हणाल्या.

राजीनं थोडी वाट पाहिली. अजून काही येईल, असं तिला वाटलं असावं. आलं नाही. तेव्हा तिनं बाईंच्या तोंडाकडे पाहिलं, आणि आजवर एकाही टीकाकारानं केलं नव्हतं ते त्या पोरीनं केलं. तिला बाईंची दया आली.

“चांगलाय,” ती हळूच म्हणाली. धाकट्या भावाचं अक्षर वाकडं आलं की म्हणतात, तसं. आणि बाईंना आणखी ओशाळं वाटू नये म्हणून की काय, दप्तर सावरत बाहेर पळाली.

...

बाई भिंतीला टेकून खाली बसल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पुस्तकं फळीवर नवीकोरी राहिली, याचं दुःख मागेच पडलं. आठ वर्षांच्या पोरीनं आपल्याला सांभाळून घेतलं, आणि आपण मात्र अख्ख्या तालुक्यातल्या पोरांच्या पुस्तकांवर ती न वाचताच फुल्या मारत आलो. त्यांना स्वतःचीच इतकी लाज वाटली, की बुवांकडे बघवेना.

त्यांनी पर्सचा चाप उघडला. घडी केलेला कागद काढून बुवांच्या पुढ्यात ठेवला.

“हा नको, बुवा.”

“का? खोटं लिहिलं का मी?”

“तुम्ही खरंच लिहिलंत. मी तो खोटा चालवणार होते. कळल्यावरसुद्धा.” त्यांनी चार पानी यादीही बाहेर काढली. “आणि... त्या यादीतली पुस्तकं मी वाचलेली नाहीत. शेवटची पानं बघितलीत फक्त. अध्यक्षांना आज तसं सांगते.”

बुवांनी कागद उलगडला. उलटसुलट पाहिला. बोटानं चाचपला.

“कागद चांगला आहे,” ते म्हणाले.

त्यांनी त्याची लांब पट्टी फाडली, लिहिलेल्या बाजूला खळ लावली आणि ती शेळीच्या नुकत्या शिवलेल्या पाठीवर चिकटवून अंगठ्यानं दाबली. अक्षरं आत गेली. वर कोरा कागद राहिला.

बाईंनी नकळत पट्टीचं दुसरं टोक दाबून धरलं. डोळे पुसायला त्यांनी पदर घेतला, तेव्हा आपल्याही बोटांना खळ लागली आहे हे त्यांना कळलं.

“बुवा,” त्या म्हणाल्या. या वेळी उत्तर पर्समध्ये नव्हतं. “मुलाला पुस्तक सुचवायचं कसं? मला काही येत नाही असं धरा. पहिल्यापासून शिकवा. कुठून सुरुवात करू?”

बुवांनी अंगठा तसाच दाबून धरला होता. मग त्यांनी दाराकडे पाहिलं.

“त्या पोरीनं तुम्हाला ‘मग?’ म्हणून विचारलंय, बाई... आणि तुम्ही मला विचारत बसलात?”