मधली जागा

डोंगराच्या पायथ्याशी, जिथे सागाचं रान संपून हरभऱ्याची शेतं सुरू होतात, त्या जंगलात सातभाई पक्ष्यांचं एक कुटुंब राहत असे. मुलांनो, तुम्ही हे पक्षी पाहिले असतील. मातकट रंगाचे, पिवळ्या डोळ्यांचे, दिवसभर कलकलाट करत पालापाचोळा उकरणारे. ते कधी एकटे राहत नाहीत. या कुटुंबातही सात जण होते : आजोबा, आई, बाबा, दोन काका, ताई आणि धाकटा.

रात्र झाली की सगळे जांभळीच्या खालच्या फांदीवर एका रांगेत, अंगाला अंग लावून बसत. वाऱ्याच्या बाजूला, अगदी कडेला आजोबा. दुसऱ्या कडेला बाबा. आणि रांगेच्या मधोमध, जिथे सर्वांत जास्त ऊब असते, तिथे सगळ्यांत लहान.

गेल्या वर्षी ती मधली जागा ताईची होती. तेव्हा तीच लहान होती. पाऊस संपता संपता घरट्यात धाकटा जन्मला आणि ताई सरकत सरकत बाबांच्या शेजारी आली. तिथेही फार थंडी वाजत नसे. पण तिला तिथून मधली जागा दिसे.

तिला आणखीही बरंच काही दिसे. आई चोचीने मानेवरची पिसं विंचरायला बसली, की आधी धाकट्याची विंचरी. धाकटा वेडावाकडा उडत झुडपात आपटला तरी दोन्ही काका आनंदाने ओरडत. "मी इतकी सरळ उडते," ताई मनात म्हणे, "मला कोण काय म्हणतं?" सर्वांत वाईट गोष्ट अशी, की धाकट्याचा तिच्यावर फार जीव होता. तो तिच्या मागे मागे फिरे, तिच्यासारखा आवाज काढून पाही. तो असा मागे आला की ताई मुद्दाम पुढच्या झाडावर जाऊन बसे.

त्या वर्षी थंडी लवकर संपल्यासारखी वाटली. पळस फुलला, आंब्याला मोहर आला, सरडे बिळांतून बाहेर येऊन दगडांवर शेकू लागले. आणि मग एके दिवशी उत्तरेकडून वारा सुटला. तो थांबेचना. सकाळी गवतावरचं दव गोठून पांढरं झालेलं दिसलं. बाहेर आलेले सरडे दगडांवरच ताठ झाले. मधमाश्यांच्या पोळ्याखाली मेलेल्या माश्यांचा थर पडला. वानरं झाडांवरून उतरली आणि पिल्लांना पोटाशी धरून, उन्हाकडे तोंड करून जमिनीवर बसून राहिली. पलीकडच्या वस्तीत माणसांचेही हाल झाले. रांजणातल्या पाण्यावर काचेसारखा पापुद्रा धरला. हरभऱ्याची हिरवी शेतं एका रात्रीत काळी पडली.

"माझ्या बापानंही असा गारठा कधी सांगितला नव्हता," शेताच्या बांधावर उभा राहून वस्तीच्या कडेला झोपडीत राहणारा गुमानसिंग म्हणाला. त्याची बायको सेमलीबाई खाली वाकली. तिने करपलेलं एक रोप उपटून पाहिलं आणि ती जळण गोळा करायला निघून गेली.

थंडीने किडे नाहीसे झाले आणि सातभाई उपाशी राहू लागले. तिसऱ्या दिवशी ताईने एका वठलेल्या झाडाची साल उकरायला घेतली. चोच दुखेपर्यंत उकरल्यावर तिला एक जाड, पांढरी अळी सापडली. तिने ती खाल्ली नाही. ती घेऊन ती आईकडे गेली. आई शाबास म्हणेल, निदान अर्धी अर्धी खाऊ म्हणेल, असं तिला वाटलं होतं.

आईने अळी घेतली आणि सरळ धाकट्याच्या चोचीत घातली.

"तू मोठी आहेस ना," आई म्हणाली आणि दुसरीकडे शोधायला उडून गेली.

ताई तिथेच उभी राहिली. धाकट्याने अळी गिळली, पिसं झटकली आणि तिच्याजवळ येऊन तो म्हणाला, "ताई, मस्त होती! पण माझे पाय किती गार पडलेत बघ. मला नीट धरताही येत नाही फांदीला."

ताईने त्याच्या पायांकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "वस्तीच्या कडेला एक झोपडी आहे. तिच्या वळचणीतून धूर येतो. तिथे रात्रभर ऊब असते."

"खरंच?"

"लहान पाखरांना तिथे जागा मिळते."

"तूही येतेस?"

"मी मोठी. मी नाही मावणार."

"मग आईला विचारून येतो."

"आई नाहीच म्हणेल," ताई म्हणाली. "ती तुला बाळ समजते."

"मी बाळ नाही!" धाकटा म्हणाला आणि कोणी अडवायच्या आत शेताच्या दिशेने निघाला. कधी वर, कधी खाली, असं ते त्याचं वेडंवाकडं उडणं ताई बघत राहिली.

त्या झोपडीत एक मांजर होतं. ताईला त्याची आठवण झाली नाही, असं नाही. झाली. पण तिने मान दुसरीकडे वळवली.

त्या संध्याकाळी ताई सर्वांच्या आधी जांभळीवर आली आणि रांगेच्या मधोमध जाऊन बसली. एका बाजूला काका आले, दुसऱ्या बाजूला आई आली. दोन्हीकडून ऊब अंगात शिरली. किती दिवसांनी! ताईने डोळे मिटले.

"धाकटा कुठे आहे?" आईने विचारलं.

"असेल इथेच," ताई डोळे न उघडता म्हणाली.

आईने हाक मारली. उत्तर आलं नाही. तिने पुन्हा हाक मारली आणि ती फांदीवरून उडाली. तिच्या मागे बाबा गेले. मग एक काका, मग दुसरे, शेवटी आजोबा. करवंदाच्या जाळ्या, वठलेलं झाड, ओढ्याचा काठ, सगळीकडून त्यांच्या हाका ऐकू येऊ लागल्या. आईचा आवाज ओरडून ओरडून चिरकला.

ताई मधोमध बसली होती, पण आता तिच्या डाव्या बाजूला कोणी नव्हतं आणि उजव्या बाजूलाही कोणी नव्हतं. वारा दोन्हीकडून लागत होता. एवढी थंडी तिला आयुष्यात कधी वाजली नव्हती. आईचा चिरका आवाज पुन्हा आला आणि तिला वाटलं, मी हरवले असते तरी आई अशीच ओरडली असती. हे तिला आधी कधीच सुचलं नव्हतं.

आजोबा दम घ्यायला फांदीवर येऊन टेकले.

"आजोबा," ताई म्हणाली, "तो वस्तीवर गेलाय."

"वस्तीवर? कशाला?"

"मी पाठवलं त्याला."

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. "तिथे मांजर आहे."

"मला माहीत आहे," ताई म्हणाली.

आजोबा फांदीच्या टोकाला गेले. त्यांनी सगळ्यांना बोलावणारी हाक दिली आणि सगळे शेताकडे निघाले. पण सातभाईंना अंधारात दिसत नाही. शेताच्या कडेला मोहाचं झाड आहे, तिथे पोहोचेपर्यंत उजेड संपला. समोर झोपडी होती, तिच्यातून धुराचा वास येत होता, आणि पुढे जाता येत नव्हतं. नाइलाजाने ते त्या अनोळखी झाडावर रांग करून बसले. उघड्या शेतावरून येणारा वारा जंगलातल्या वाऱ्यापेक्षा कितीतरी बोचरा होता.

"आज कडेला मी बसते," ताई आजोबांना म्हणाली.

"तू अजून हलकी आहेस, पोरी," आजोबा म्हणाले. "वारा तुला उचलून नेईल. सरक आत."

त्यांनी तिला पंखाने आत सारलं आणि स्वतः वाऱ्याकडे पाठ केली. ताई रात्रभर त्यांच्या कुशीत होती. त्यांचं अंग थरथरत होतं, ते तिला कळत होतं. पहाटेच्या सुमारास ती थरथर थांबली. ताईला वाटलं, आजोबांना झोप लागली.

उजाडलं तेव्हा सगळं शेत पांढरं झालं होतं. बाबा हलले, काका हलले, रांग सैल झाली. आणि आजोबा फांदीवरून खाली पडले. वाळक्या पानांवर अगदी हलका आवाज झाला. आई खाली उतरली. तिने चोचीने त्यांच्या मानेवरची पिसं नीट केली. ते उठले नाहीत.

कोणीच ओरडलं नाही. सातभाई इतके गप्प बसलेले त्या जंगलात कोणी पाहिले नसतील.

आता धाकट्याचं काय झालं ते सांगतो. आदल्या दिवशी तो झोपडीच्या वळचणीला पोहोचला खरा, पण थंडीने त्याच्या पायांत बळ उरलं नव्हतं. तो घसरून अंगणात पडला आणि मांजराने झडप घातली. तेवढ्यात सेमलीबाई जळण घेऊन आली. तिने हातातलं लाकूड मांजराच्या दिशेने फेकलं. मांजर पळालं. त्याच्या तोंडात धाकट्याच्या शेपटीची पिसं तेवढी राहिली.

सेमलीबाईने ताठ झालेलं पाखरू ओंजळीत घेऊन त्यावर फुंकर घातली आणि चुलीजवळ डालग्याखाली कोंबड्या झाकल्या होत्या, त्यांच्यात त्याला सोडलं.

"आपल्यालाच पांघरूण पुरत नाही," गुमानसिंग म्हणाला, "आणि तू पाखरं गोळा कर."

"त्याला कुठं पांघरूण लागतंय?" सेमलीबाई म्हणाली. "कोंबडीच्या कुशीत मावतंय ते. तुम्हीसुद्धा जरा इकडे सरका, चुलीजवळ."

गुमानसिंग सरकला. ती दोघं एकाच गोधडीत बसून चुलीत लाकूड सारत राहिली.

सकाळी तिने डालगं उचललं. कोंबड्यांबरोबर धाकटाही बाहेर आला. अंगणात उभं राहून त्याने नेहमीची हाक दिली. मोहावरून एकदम पाच आवाजांनी उत्तर आलं. शेपटी नसल्यामुळे तो आणखीनच वेडावाकडा उडाला, दोनदा खाली बसला, पण पोहोचला. आई त्याच्यावर पंख पसरून बसली. सेमलीबाई दारातून बघत होती. "गेलं ग बाई आपल्या घरी," ती म्हणाली आणि आत गेली.

थोड्या वेळाने धाकट्याने आईच्या पंखाखालून डोकं काढलं. "आजोबा कुठे आहेत?"

बाबांनी मान फिरवली. आजोबा आता उठणार नाहीत, हे त्याला सांगणार कोण?

ताई पुढे आली. "आजोबा गेले," ती म्हणाली. "तुला शोधायला आम्ही इथे आलो, रात्र इथेच काढली, त्यात ते गेले. आणि तू गेलास तो माझ्यामुळे. झोपडीत मांजर आहे, हे मला माहीत होतं. मला तुझी जागा हवी होती."

धाकटा तिच्याकडे बघत राहिला. त्याला सगळं समजलं की नाही, कोण जाणे. तो पुन्हा आईच्या पंखाखाली शिरला.

आई ताईला रागावली नाही. तिने फक्त विचारलं, "इतकं वाटत होतं, तर मला का नाही सांगितलंस?"

त्या संध्याकाळी ते जांभळीवर परतले, तेव्हा ताई न सांगता वाऱ्याच्या बाजूला कडेला जाऊन बसली. थंडी आणखी पाच दिवस होती. बाबा म्हणाले, "आत ये, मी बसतो." ताई हलली नाही. पिसं फुलवून, पाठ वाऱ्याकडे करून ती बसून राही. धाकटा तिच्या मागे फिरेनासा झाला होता. आता तो पुढच्या झाडावर जाऊन बसे आणि ताई लांबून त्याच्याकडे बघत राही. त्याला काही सापडलं नाही, तर ती एखादी अळी त्याच्या जवळ ठेवून निघून जाई.

पाचव्या संध्याकाळी वारा जरा पडला होता. सगळे रांगेत बसले. धाकटा आईजवळून उठला, काकांच्या पाठीवरून धडपडत पलीकडे गेला आणि ताई व काका यांच्यामधल्या फटीत घुसला. ताईने पंख थोडा उचलला आणि त्याचे गार पाय आपल्या पोटाखाली घेतले.

तात्पर्य : दुसऱ्याला मिळालेली माया आपल्याच वाट्यातून गेली, असं मत्सर करणाऱ्याला वाटतं, पण दुसऱ्याला दूर लोटून मिळवलेल्या जागेत ऊब उरत नाही.