नीलस्कंधाची शिंगे

पूर्वी त्रेतायुगात, सह्याद्रीच्या उतारावर, जिथे गवत माणसाच्या छातीला लागे, तिथे शाद्वल ऋषींचा होमधूमाने सुगंधित असा आश्रम होता. तिथे वाघ नि गाय एकाच ओढ्यावर पाणी पीत असे सांगतात, पीत असतील. आश्रमाचे भूषण म्हणजे नीलस्कंध नावाचा वृषभ. मेघासारखा काळा, आणि शिंगे अशी की शिळा उचलून भिरकावतील. ऋषिपत्नी सुवृतेने त्याला आईवेगळा असताना हाताने दूध पाजून वाढवले होते.

त्या युगाची एक रीत होती. अतिथी आला की यजमानाने त्याच्या भोजनासाठी दारी वृषभ उभा करावा आणि म्हणावे, "अतिथिदेवा, हा आपला." मग अतिथीने म्हणावे, "सोडा त्याला, गवत खाऊ द्या." की झाले, दहीमध पुढे यायचे. आजवर सगळेच तसे म्हणत आले होते. न म्हणणारा कोणी येईल, हा विचारच ऋषींना कधी शिवला नव्हता.

एके दिवशी कृशाक्ष नावाचा असुर आला. 'कितीही खाल्लेस तरी अंगी मांस धरणार नाही' असा त्याला शाप होता. नुसता हाडांचा सापळा, त्यावर दोन डोळे.

ऋषी म्हणाले, "अतिथिदेवा, हा आपला."

असुर काही बोलेना. सगळे थांबले.

"म्हणा ना," सुवृता हळूच म्हणाली.

"काय म्हणू, माते? भूक लागली आहे."

"अहो, सोडा म्हणायचं असतं!"

"सोडायचाच होता, तर दिलात कशाला?" असे म्हणून त्याने कमरेचे खड्ग उपसले.

शाद्वलांचे मुख विवर्ण झाले. शब्द मोडावा तर तप जाते, पाळावा तर नीलस्कंध जातो. तेवढ्यात नीलस्कंधाने मान खाली घातली. असुर मागे सरला, कारण त्या शिंगांपुढे त्याची हाडे किती टिकणार! पण वृषभ वळला, दारच्या शिळेवर त्याने डोके आपटले, एकदा, पुन्हा एकदा, आणि दोन्ही शिंगे मुळापासून तुटून पडली. अतिथीला चुकूनही इजा होऊ नये, एवढाच त्याचा हेतू. मग रक्ताळलेले मस्तक घेऊन तो असुरापुढे येऊन उभा राहिला, आणि त्याच्या तोंडाकडे पाहत राहिला.

असुराचा हात उचललेला तसाच राहिला. "मला पाहून आजवर कोणी पळाले, कोणी लढले," तो म्हणाला. "हा कशाची वाट बघतो?"

"त्या शब्दाची," सुवृता म्हणाली. "लहानपणापासून ऐकत आलाय तो."

असुराने खड्ग खाली घेतले. शेवटी असुर म्हणाला, "सोडा त्याला. गवत खाऊ द्या."

सुवृतेने वाढलेले दहीमध त्याने खाल्ले. जाताना तो म्हणाला, "वृषभा, जे मांस माझ्या अंगी धरले नाही, ते तुझ्या वंशाच्या अंगी धरो. नुसत्या गवतावर धरो."

"असुरा, हा वर की शाप?" ऋषींनी विचारले. "मांस दिसले की भूक लागणारच."

"दोन्ही, महाराज. माझ्याजवळ दुसरे काय आहे द्यायला?"

तेव्हापासून तो वंश काळा, बिनशिंगी, पाठीला रुंद नि मांड्यांना भरलेला असा चालत आला आहे. स्वभावाने गरीब, कुणावर धावून जात नाही. माणूस जवळ आला की ते जनावर आजही स्वस्थ उभे राहते आणि त्याच्या तोंडाकडे पाहते. कोणी तो शब्द म्हणतो, कोणी म्हणत नाही. ते मात्र वाट पाहते.