उतारावरचं काळं अक्षर

लई जुनी गोष्ट. तवा राजा कोण हुता ते इचारू नका, मला ठावं न्हाई. नदीकाठी एक गाव हुतं आन् तिथं सटवा नावाचा रंगारी भिताडं रंगवायचा.

एका साली नदीच्या उतारात, जिथनं गाड्या पाणी वलांडून जायच्या तिथंच, डोह पडला. वरनं पाणी गुडघाभर दिसायचं, पण आत गाडी बैलासकट जायची. पाटील म्हणाला, "सटवा, उताराच्या तोंडाशी भिताड हाय, त्यावर लांबनं दिसंल असं कायतरी लिव."

सटवानं चार दिस खपून नवीन अक्षर काढलं. उभी रेघ मनगटायेवढी जाड, आडवी शेळीच्या केसागत बारीक. पांढऱ्या चुन्यावर काळंकुट्ट. 'इथं उतरू नका.' एवढंच लिवलं आन् बाकी भिताड मोकळं सोडलं.

वाचता येणारी माणसं तवा चारच. पण ते काळं नजरंला पडलं की न वाचणाराबी कासरा वढायचा आन् वरच्या वाटंनं जायचा.

मग तेली आला. "सटवादा, माझ्या घाण्यावरबी तसलंच काढ की."

सटवाची बायको म्हणाली, "आवं, ते डोहाचं अक्षर हाय. तेलाला कशाला?"

"तू भाकरी थाप. चार लोक माझं नाव घ्याया लागल्यात तर तुझ्या पोटात का दुखतंय?"

तेल्याचं बघून कासार आला, कासाराचं बघून न्हावी आला. सटवा कुणालाच न्हाई म्हणंना. वरीसभरात सगळं गाव काळं झालं. उतारावरचं मोकळं भिताडसुदिक गूळवाल्यानं भरून घेतलं.

एक दिस एक परका गाडीवान गावातनं आला आन् सरळ उतारात शिरला. लोकांनी दोर टाकून त्याला वढून काढला. एक बैल वाचला, एक गेला.

सटवा धावत आला. त्याच्या अंगावर वरडला, "आंधळा हाईस का? एवढं मोठं लिवलंय ते दिसलं न्हाई?"

गाडीवान चिखलात बसूनच बोलला, "दिसलं की. मला वाचता येत न्हाई, पण असलं काळं दिसलं की थांबायचं, हे मला आमच्या गावातबी सांगितलेलं. तुमच्या येशीत शिरलो तवा थांबलो. तर तिथं तेल. म्होरं थांबलो, तिथं बांगड्या. हितं म्हटलं, आता काय इकत्यात कुणास ठावं."

सटवा घरी गेला. गोठ्यातला आपला बैल सोडला आन् गाडीवानाच्या जुवाला बांधला. मग चुन्याची घमेली घेऊन सगळ्या गावातली अक्षरं पुसत सुटला.

तेली आडवा आला. "आरं, माझं गिऱ्हाईक तुटंल."

"तुझं तेल वासावरनं कळतंय," सटवा म्हणाला. "डोहाला वास न्हाई. सरक बाजूला."

सांजंपातूर गाव पांढरं झालं. काळं अक्षर उरलं ते एकट्या उतारावर, आन् त्या डोहात पुन्हा कुणाची गाडी गेली न्हाई.

ध्येनात ठेवा: सगळंच ठळक केलं, की जिवाची गोष्टच दिसंनाशी हुती.